अनपेक्षित स्थित्यंतरे आणि श्रद्धा : लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र

१

पनवेल परिसरातील पदव्युत्तर वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत असताना प्रस्तुत लेखकास एक प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. नवऱ्याने बायकोला न विचारता धर्म बदलला. पुढे काही वर्षांनी तीही त्याच्या मागोमाग गेली. मग तिच्या ख्रिस्तनिष्ठेला श्रद्धा म्हणावयाचे की नाइलाज? प्रश्न विचारणारे विद्यार्थी बहुधा या परिसरातलेच असतात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. ज्यांच्या आजोबांनी भातशेती व मिठागरे पाहिली, त्यांच्या नातवंडांनी वसाहती, रुंद रस्ते आणि आता विमानतळ पाहिला. आपण न मागितलेला बदल एका पिढीत अंगावर कोसळतो म्हणजे काय होते, हे या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यामुळे त्यांच्या प्रश्नात केवळ परीक्षेपुरते कुतूहल नसते. लादलेल्या बदलातून माणसाला स्वतःचे असे काही निर्माण करता येते किंवा नाही, हे त्यांना जाणून घ्यावयाचे असते.

या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या चरित्रक्रमातच शोधावे लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘स्मृतिचित्रे’च्या वाङ्मयीन गुणांविषयी, तिच्यातील विनोदाविषयी आणि निर्मळ निवेदनाविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. त्या मानाने लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा विचार टिळकांच्या धर्मांतराचे शेपूट म्हणूनच झालेला दिसतो. येथे त्यांचे चरित्र त्यांच्या आयुष्यातील मोठ्या आघातांच्या अनुक्रमाने मांडावयाचे आहे आणि प्रत्येक आघातानंतर त्यांनी काय केले, हे पाहावयाचे आहे. या चरित्राचे मुख्य साधन त्यांचेच आत्मकथन आहे आणि ते त्यांनी उतारवयात, मूळ प्रसंगांनंतर तीस-चाळीस वर्षांनी लिहिले आहे. सांगणारी स्त्री दुःखाच्या पलीकडच्या तीरावर उभी राहून बोलते आहे, याचे भान वाचकाने सतत ठेवावयास हवे.

२

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर या गावी, गोखले यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. ज्या घरात त्या जन्मल्या, ते घर एका मोठ्या आघाताच्या छायेत होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. या घटनेचा धक्का लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी विलक्षण रीतीने घेतला. सर्व काही विटाळले आहे, या भावनेने त्यांच्या मनाचा कायमचा ताबा घेतला. त्यांचे सोवळे इतरांच्या सोवळ्यासारखे राहिले नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू, अगदी मीठ-साखरेपर्यंत, धुऊन घ्यावी असा त्यांचा दंडक होता. घरातील बायकामुलांचे जिणे या धुण्या-भिजण्यात, शिवाशिवीच्या दहशतीत आणि यजमानाच्या संतापाच्या धाकात चालले होते.

आत्मकथनाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंनी ही हकीकत सांगितली आहे आणि सांगताना वाचकाला हसविले आहे. परंतु चरित्रकाराने या हास्यापाशी थांबून चालणार नाही. वडिलांचे सोवळे ही श्रद्धेचीच एक परी होती, मात्र ती भयातून उगवली होती. राजसत्तेचा हात घरापर्यंत येऊन पोहोचला. त्यास अडविण्याचे सामर्थ्य नव्हते. म्हणून जेवढे आपल्या हाती आहे तेवढे शुद्ध ठेवण्याचा हा अट्टहास होता. धर्माच्या आधाराने संकटाला तोंड देण्याचा एक मार्ग लक्ष्मीबाईंनी असा बालपणीच पाहिला. त्या मार्गाने जग दिवसेंदिवस लहान होत गेले. कोणाच्या हातचे घ्यावे, कोणाला शिवावे, काय खावे याच्या कक्षा आकुंचित होत होत अखेरीस उंबरठ्याच्या आत येऊन बसल्या. पुढे स्वतःवर प्रसंग आला तेव्हा त्यांच्यापुढे हाच नमुना होता. बालपणाचा हा ठसा ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या धर्मांतराचा अर्थ उलगडत नाही.

३

वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. लौकिक अर्थाने शिक्षण पुरे झालेले नव्हते. पण संस्कृतचा व्यासंग मोठा, काव्यशक्ती उपजत आणि वक्तृत्व प्रभावी. स्वभाव मात्र अत्यंत अस्थिर. एका जागी नोकरी टिकत नसे. मनात येईल तेव्हा घर सोडून निघून जावे, मनात येईल तेव्हा परत यावे, हातातले पैसे घरखर्चाऐवजी भलत्याच वस्तूवर घालावेत किंवा कोणा गरजूस देऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा क्रम होता. राग आला की अनावर आणि गेला की मागमूस नाही. अशा पुरुषाशी संसार करताना लक्ष्मीबाईंना स्थैर्य असे कधी लाभलेच नाही. दत्तूचा, म्हणजे देवदत्ताचा, जन्म १८९१ सालचा. त्यापूर्वीची अपत्ये दगावल्याचे दुःखही त्यांनी सोसलेले होते.

या काळातील एक गोष्ट पुढच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लक्ष्मीबाईंना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्या आग्रहाने. टिळक गुरू म्हणून उतावळे होते, शिष्या संसारात गुंतलेली होती. तरीही वाचण्या-लिहिण्याचे हे साधन हाती आले. पुढील वियोगाच्या वर्षांत टिळकांची पत्रे व कविता वाचण्यास आणि वार्धक्यात स्वतःची हकीकत सांगण्यास तेच उपयोगी पडले.

टिळक काही काळ नागपुरास होते. तेथे त्यांना विद्याप्रेमी श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला आणि ‘ऋषि’ या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले. हिंदू धर्मातील जातिभेदाविषयी त्यांच्या मनात असमाधान साचत होते. देशाला नवे चैतन्य देईल अशा धर्माच्या ते शोधात होते. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. वाचन, चिंतन व मिशनशी पत्रव्यवहार यांतून टिळकांचा निर्णय होत गेला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात, रेव्हरंड तुकारामजी नाथोजी यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा सर्व अंतःप्रवास पत्नीपासून दूर झाला. लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आली ती केवळ निर्णयाची वार्ता.

४

या वार्तेचा अर्थ त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात काय होता, हे आजच्या वाचकास स्पष्ट करून सांगणे आवश्यक आहे. पती जिवंत असून समाजाच्या दृष्टीने मेल्यासारखा. पत्नी सवाष्ण, पण सवाष्णपणाला घर नाही. तिला पतीकडे जावयाचे तर जात जाणार, न जावे तर जन्मभर भावा-बहिणींच्या आश्रयाने राहावयाचे. मुलाचा प्रश्न याहून कठीण होता, कारण अज्ञान मुलावरील पालकत्वाचा अग्रहक्क कायद्याने पित्याकडे होता. १८६६ चा नवख्रिस्ती लोकांच्या विवाहविच्छेदासंबंधीचा कायदा धर्मांतरित व्यक्तीस न्यायालयात जाण्याची मुभा देत असे. पत्नीने धर्माच्या कारणावरून सहवास नाकारला आणि ठराविक मुदतीनंतरही ती नकारावर कायम राहिली, तर विवाह रद्द होऊ शकत असे. रखमाबाईंच्या खटल्याने १८८४ ते १८८८ या काळात वैवाहिक हक्कांचा प्रश्न महाराष्ट्रात घरोघर पोहोचविला होता. तेव्हा टिळकांपुढे न्यायालयाचा मार्ग होता. त्यांनी तो अवलंबिला नाही. पत्रे लिहिली, कविता पाठविल्या, भेटीचे प्रयत्न केले आणि वाट पाहिली.

लक्ष्मीबाईंचा या काळातील बराचसा मुक्काम पंढरपुरास थोरल्या बहिणीच्या घरी झाला. बहीण-मेहुण्यांनी त्यांना मायेने सांभाळले. परंतु दुःखाने त्यांच्या मनावर व शरीरावर केलेला परिणाम दारुण होता. अन्नावरची वासना उडाली, प्रकृती ढासळली, मन ताळ्यावर राहील की नाही याची आप्तांना चिंता वाटू लागली. विठ्ठलाच्या क्षेत्रात त्या असताना पती तिकडे ख्रिस्ताची गीते रचीत होता. तुकोबाच्या अभंगांचा सेतू ओलांडूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. त्यामुळे दोघांची भक्तीची भाषा एकच होती, हे आज आपल्याला दिसते. त्या वेळी मात्र लक्ष्मीबाईंपुढे होती ती केवळ एक दरी.

या वर्षांत श्रद्धेने त्यांना सावरले, असे म्हणता येणार नाही. पुष्कळ चरित्रात्मक लेखनात धर्मांतरित व्यक्तीचे सारे दुःख नव्या धर्माच्या प्रकाशात विरून गेल्याचे दाखविण्याची प्रथा आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती लागू पडत नाही. या चार-पाच वर्षांत त्यांना आधार दिला तो बहिणीच्या घराने, मुलाच्या सांभाळाने, पतीवरील न तुटलेल्या प्रेमाने आणि काही अंशी पद्यरचनेने. दुःख पद्यात उतरविता येते, हा शोध त्यांना याच काळात लागला. टिळकांच्या पद्यमय पत्रांनी त्यास चालना दिली असावी. श्रद्धेचा प्रवेश यानंतरचा आहे, आणि तो कोणत्या क्रमाने झाला हेच निर्णायक ठरते.

५

विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते ते येथून. लक्ष्मीबाई पतीकडे गेल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे केंद्र. तेथे टिळकांच्या सान्निध्यात आल्यावरही त्यांनी आपला आचार सोडला नाही. स्वयंपाक स्वतंत्र, पाणी स्वतंत्र, शिवाशिव पूर्वीप्रमाणेच. पतीने या व्यवस्थेला हरकत घेतली नाही. म्हणजे सहजीवनासाठी धर्मांतर ही अट नव्हती. सहजीवन आधी सुरू झाले आणि श्रद्धा त्यानंतर स्वतंत्रपणे आली. नाइलाजाच्या तर्काला या अनुक्रमात जागा उरत नाही.

ती कशी आली? वादविवादाने नाही, ग्रंथप्रामाण्याने नाही. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. त्यात धर्मांतराचा मार्ग वाचन, शंका, तुलना व युक्तिवाद यांतून गेलेला दिसतो. पंडिता रमाबाईंचा मार्गही शास्त्राध्ययनातून व स्त्रियांच्या दुःस्थितीच्या चिकित्सेतून गेला. लक्ष्मीबाईंचा मार्ग चुलीजवळून आणि पाण्याच्या घागरीजवळून गेला. जात ईश्वराने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एकदा स्वतःच्या मनाशी लावून धरला. माणसांची शरीरे, त्यांची भूक, त्यांचे जन्म-मरण सारखेच. मग हा भेद देवाचा कसा असेल? उत्तर मिळाले आणि त्यांनी तत्काळ ते आचरणात आणले. कोणाच्याही हातचे पाणी व अन्न घेण्याची त्यांची तयारी झाली. पतीने वर्षानुवर्षे जे सांगितले होते ते त्याच्या सांगण्याने पटले नव्हते. स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा क्षणाचाही विलंब लागला नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे वडिलांच्या सोवळ्याचे स्मरण ठेवले पाहिजे. मीठ-साखर धुणाऱ्या घरातील मुलीने परक्याच्या हातचे पाणी पिणे, ही केवळ सामाजिक सुधारणेची कृती नव्हती. ज्या भयाने तिच्या पित्याचे जग आवळून टाकले, त्या भयाची गाठ तिने स्वतः सोडविली. ख्रिस्ती श्रद्धेतून लक्ष्मीबाईंना सर्वांत आधी मिळाली ती निर्भयता. पापमुक्ती, स्वर्ग, तारण या संकल्पना मागाहून आल्या असतील. त्यांच्या आत्मकथनात त्यांना फारसे ठळक स्थानही नाही. विटाळाची भीती गेली, हा मात्र त्यांच्या धार्मिक अनुभवाचा गाभा आहे. आघातानंतर पित्याने दारे लावून घेतली. कन्येने आघातानंतर, बऱ्याच काळाने आणि बऱ्याच कष्टाने, ती उघडली. दोघांनीही संकटाला धर्मानेच तोंड दिले. फरक पडला तो त्या धर्माने माणसांना आत घेतले की बाहेर ठेवले, यामुळे.

६

दार उघडल्याचे परिणाम ताबडतोब दिसू लागले. १८९९-१९०० हे छप्पनच्या दुष्काळाचे वर्ष. नगर जिल्ह्याला त्याची झळ भयंकर बसली. मिशनच्या आश्रयाला अनाथ मुलांचे लोंढे आले आणि टिळकांचे घर अशा मुलांनी भरून गेले. टिळक मुले घेऊन येत. त्यांना न्हाऊ-माखू घालणे, खाऊ घालणे, दुखण्याखुपण्यात जागणे हे लक्ष्मीबाईंकडे येई. प्लेगच्या दिवसांतही त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. विटाळाच्या धाकात वाढलेल्या स्त्रीने संसर्गाच्या रोगात हात घालावा, हा बदल शब्दांपेक्षा कृतीतून अधिक बोलतो. याच घरात पुढे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांना आश्रय व मातृप्रेम मिळाले. ५ मे १९१८ रोजी बालकवींचा भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली मृत्यू झाला, तेव्हा टिळक दांपत्याला पुत्रशोकासारखेच दुःख झाले.

श्रद्धेमुळे लक्ष्मीबाईंचा संसार सुखाचा झाला, असा समज मात्र करून घेऊ नये. टिळकांचा स्वभाव बाप्तिस्म्याने बदलला नाही. रागाने घर सोडणे, पैशाविषयी बेफिकिरी, येईल त्याला घरात ठेवून घेणे हे चालूच राहिले. मिशनच्या वेतनव्यवस्थेविषयी व परकीय वर्चस्वाविषयी टिळकांचे मत प्रतिकूल होत गेले. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे काम पाहत होते. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनचा संबंध सोडला आणि ‘देवाचा दरबार’ ही भारतीय वळणाची बंधुसंस्था स्थापिली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तिची दारे मोकळी होती. निश्चित उत्पन्न सुटले. उतारवयात पुन्हा एकदा घर हलले, पुन्हा अनिश्चितता आली. अशा वेळी लक्ष्मीबाईंनी भांडण केले नाही असे नाही. त्या भांडल्या, रडल्या, रुसल्या आणि कामाला लागल्या.

त्यांची श्रद्धा मूक सहनशीलतेचे दुसरे नाव नव्हती, हे यावरून ध्यानी येईल. तत्कालीन ख्रिस्ती उपदेशपर वाङ्मयात आदर्श स्त्रीचे जे चित्र आढळते, ती सर्व काही हसतमुखाने सोसते. लक्ष्मीबाई सोसतात, परंतु सोसलेले मोजतात, ते बोलून दाखवितात आणि पुढे त्यावर हसतातही. पतीच्या मोठेपणाविषयी त्यांना नितांत आदर होता आणि त्याच्या दोषांविषयी कोणताही भ्रम नव्हता. ख्रिस्ती समाजात आल्यावर तेथील उणिवाही त्यांनी पाहिल्या. मिशनऱ्यांचा मोठेपणा, देशी ख्रिस्ती लोकांतील मानापमान, धर्म बदलूनही मागे उरलेली जातीची जाणीव यांवर त्यांची दृष्टी स्वच्छ राहिली. श्रद्धेने त्यांना आंधळे केले नाही, ही त्यांच्या श्रद्धेची एक मोठी खूण मानावयास हवी.

७

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत होत्या. चाळीस वर्षांचा सहवास, त्यातील साडेचार-पाच वर्षांचा वियोग धरून, येथे संपला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने चरित्रातील हे दुसरे निर्णायक वळण होय. त्यांची निष्ठा पतीच्या पाठीमागे जाण्यापुरती असती, तर पती गेल्यावर ती सैल झाली असती, निदान रूढीचा भाग बनून निस्तेज झाली असती. तसे घडले नाही.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरील ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. मराठीत या परंपरेचा प्रारंभ फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली मुद्रित झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’पासून होतो, तीन शतकांनंतर टिळक तिला नवे वळण देऊ पाहत होते. त्यांचे काव्य सुमारे दहा अध्यायांपाशी थांबले. ज्या स्त्रीला लग्नानंतर अक्षरे गिरवावी लागली होती, तिने ते पुढे नेण्याचे ठरविले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. काव्य म्हणून या रचनेची पातळी सर्वत्र सारखी नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु चरित्राच्या दृष्टीने तिचे मोल वेगळे आहे. वैधव्यात जप, व्रते, तीर्थयात्रा यांचा आधार घेण्याची जी रीत त्यांनी माहेरी पाहिली, तिच्या जागी त्यांनी रोजचे लेखन ठेवले. पतीचे अपुरे काम पुरे करणे हा त्यांच्या शोकाचा आकार होता; आणि ते काम ख्रिस्तचरित्राचे होते म्हणून त्यांच्या उपासनेचाही तोच आकार झाला. शोक व उपासना यांना एकच नित्यकर्म सापडले. दुःखातून बाहेर पडण्याचा हा मार्ग त्यांना कोणी शिकविला नव्हता.

‘स्मृतिचित्रे’चा जन्मही अशाच एका कामातून झाला. टिळकांचे चरित्र लिहिण्याची देवदत्तांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. साधनसामग्री म्हणून लिहिलेले हे लेखन ‘संजीवनी’ या नियतकालिकात येऊ लागले आणि स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेचे ठरले. पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. उरलेले भाग त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ज्या जलालपुरात वडिलांच्या सोवळ्याने त्यांच्या आयुष्याला प्रारंभ झाला, ते तेथून काही मैलांवरच आहे. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपाने वाचकांसमोर आले. ‘स्मृतिचित्रे’चे जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५० साली निघाले, नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली आवृत्ती १९८९ साली आली आणि शांता गोखले यांचे इंग्रजी भाषांतर २०१७ साली प्रसिद्ध झाले.

या ग्रंथातील विनोदाचा विचार येथे थोडक्यात करणे इष्ट होईल, कारण तो श्रद्धेपासून वेगळा काढता येत नाही. वडिलांचे सोवळे, पतीचे संताप, स्वतःचा अडाणीपणा, दारिद्र्य या साऱ्यांकडे लक्ष्मीबाई हसून पाहतात. हे हसणे दुःख नाकारणारे नाही. ज्याची भीती उरली नाही त्याच्याकडे पाहून आलेले ते हसणे आहे. बालपणीच्या भयावर विनोद करता येणे ही त्या भयातून सुटल्याची खूण होय. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत पतीविषयीचा भक्तिभाव संयमाने जपला आहे. लक्ष्मीबाईंनी पतीवरील प्रेम त्याच्या दोषांसकट जपले. त्यांना ही मोकळीक कशामुळे मिळाली, याची कारणे अनेक असतील. पत्नीची मूक आज्ञाधारकता हीच सद्गती, ही समजूत त्यांच्या नव्या श्रद्धेच्या गाभ्यात नव्हती, हे त्यांतील एक कारण असावे.

८

आता वर्गातील प्रश्नाकडे परत यावयाचे. लक्ष्मीबाईंची ख्रिस्तनिष्ठा श्रद्धा होती की नाइलाज? चरित्रक्रम असे सांगतो की, धर्मांतराचा पहिला आघात निःसंशय लादलेला होता आणि त्या आघाताच्या काळात श्रद्धा त्यांच्या मदतीस आली नाही. पतीकडे परतणे प्रेमातून व मुलाच्या हितातून घडले. त्यासाठी त्यांनी जात सोडली नाही. जात सोडली ती त्यानंतर, स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा आला तो त्याच्याही पुढे. आणि पतीच्या मृत्यूने बाहेरचे सारे बंधन नाहीसे झाल्यावर त्यांनी उरलेल्या सतरा वर्षांचा मोठा भाग ख्रिस्तचरित्राच्या रचनेत घालविला. आरंभ लादलेला होता, पण पुढचा प्रत्येक टप्पा त्यांनी स्वतः ओलांडला.

याची किंमत त्यांनी भरली, तीही नोंदविली पाहिजे. आयुष्याची ऐन उमेदीची चार-पाच वर्षे उद्ध्वस्त अवस्थेत गेली. ज्या समाजात जन्म झाला, त्यात पूर्वीचे स्थान पुन्हा मिळणे नव्हते. टिळकांच्या निर्णयाचे मोठेपण मान्य करूनही, तो घेताना पत्नीला विश्वासात न घेण्याचा दोष त्यांच्याकडेच राहतो. लक्ष्मीबाईंनी क्षमा केली म्हणून चरित्रकाराने तो पुसून टाकणे योग्य होणार नाही. श्रद्धेने अन्यायाचा न्याय होत नाही. अन्यायानंतरचे आयुष्य कसे जगावयाचे, एवढ्याच प्रश्नाला ती उत्तर देऊ शकते, आणि लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तिने ते दिले.

पनवेलच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने या चर्चेच्या शेवटी विचारले होते की, वडिलांनाही कोणी वेळीच समजावून घेतले असते, तर त्यांचे सोवळे सुटले असते का? या प्रश्नाचे उत्तर ‘स्मृतिचित्रे’त नाही. परंतु तो विचारावासा वाटला, यावरून त्या पुस्तकातील पहिल्या पानांवरचे हसणे तिने बरोबर वाचले होते, असे प्रस्तुत लेखकास वाटले. मुलीच्या मुक्तीची हकीकत सांगणाऱ्या या ग्रंथाची सुरुवात पित्याच्या न सुटलेल्या भयाने होते. पुढील अभ्यासकांनी या दोहोंचा विचार एकत्र करावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.